कन्सोल कुठे घेऊ, साहेब?

दिवा राहू दे. ही गोष्ट सांगायला अंधार लागत नाही, ती घडलीच लख्ख उजेडात. मशीनच्या खोलीत चोवीस तास ट्यूबलाइट असते, हे तुम्हाला मी नव्याने सांगायला नको. तो पंखा मात्र जरा कमी करा. माझा घसा बसलाय आणि मी दोनदा सांगणार नाही.

माझ्या ओळखीचा एक इंजिनियर होता. होता म्हणजे अजून आहे, हातपाय धड आहेत, आत्तापासून तोंडं पाडू नका. त्याला आम्ही सगळे खटपट्या म्हणायचो. बंद पडलेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. एकदा दाढ दुखते म्हणून डॉक्टरकडे गेला, तर त्यांची वरखाली होणारी खुर्ची दुरुस्त करून परत आला. दाढ तशीच.

त्याचं काम मधल्या सर्व्हरचं. बँकेतल्यासारखे अजस्र नव्हेत आणि दुकानातल्यासारखे चिल्लरही नव्हेत. कपाटाएवढी एक काळी पेटी, आणि तिच्यात एखाद्या मध्यम कंपनीचा अख्खा संसार. अशीच एक पेटी औषधांच्या एका मोठ्या गोदामात होती. कुठल्या हॉस्पिटलला काय जायचं, कुठल्या गाडीत काय भरायचं, सगळं तीच सांगायची. पहाटे साडेपाचला गाड्या भरायला लागत, म्हणून तिला हात लावायचा तर रात्री बारा ते पाच, एवढीच सवड.

तर अठरा नोव्हेंबर, मंगळवार. रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी खटपट्याने गोदामाच्या गेटवर सही केली. वॉचमनने विचारलं, "आज काय काढलंत?"

"कन्सोल हलवायचाय," खटपट्या म्हणाला.

"कुठे?"

"साहेबांच्या घरी."

वॉचमनने मोबाइल ठेवायचा ट्रे पुढे केला. मशीनच्या खोलीत मोबाइल न्यायचा नाही, हा साहेबांचाच नियम होता. खटपट्याने मोबाइल ट्रेमध्ये टाकला आणि आत गेला.

आता कन्सोल म्हणजे काय, ते नव्याने आलेल्या मुलींसाठी सांगतो. जुन्यांनी जांभया द्यायला हरकत नाही. मशीनला स्क्रीन शंभर जोडता येतात, पण झोपेतून उठताना ते फक्त एकाच स्क्रीनशी बोलतं. तिथूनच ते चालू होतं, तिथूनच बंद, आणि काही अडलं की तिथेच विचारतं. तो कन्सोल. तो कसा जोडायचा, हे एकदा ठरवावं लागतं. एक म्हणजे थेट केबल. मशीनला वायर, वायरीला स्क्रीन, स्क्रीनपुढे माणूस, सगळं एका खोलीत. दुसरं म्हणजे नेटवर्क. मग कन्सोल कुठेही ठेवा, साहेबांच्या घरी ठेवा नाहीतर डोंगरावर ठेवा. केबल भरवशाची, पण माणसाला खोलीत डांबते. नेटवर्क सोयीचं, पण ते बसलं की मशीन मुकं आणि तुम्ही आंधळे. शहाणा माणूस नेटवर्क घेतो आणि केबलही राहू देतो.

खटपट्याने हेच सांगितलं होतं. "साहेब, नेटवर्कवर देतो, पण केबल राहू द्या. अडीनडीला बरी."

"तुला सल्ला विचारलाय का मी?" साहेब म्हणाले. "केबल काढ. तो जुना स्क्रीन भंगारात टाक. त्या खोलीत यायची वेळ माझ्यावर परत येता कामा नये."

आणि खटपट्या गप्प बसला. एरवी हा ग्राहकाशी तासभर हुज्जत घालणारा माणूस. पण या साहेबांपुढे त्याची मान गेली दोन वर्षं खालीच होती. का, ते सांगतो. ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्या कन्सोलपुढे बावीस वर्षं एकच माणूस बसला होता. नाना. रात्रपाळीचे ऑपरेटर. सडपातळ, मितभाषी, खिशाला दोन पेनं. मशीनने काहीही विचारलं की नाना आधी चष्मा लावत, पूर्ण वाचत आणि मग उत्तर देत. तुम्हाला माहीत आहे, हे मशीन अडलं की प्रश्न टाकतं आणि एका अक्षराच्या उत्तरासाठी थांबून राहतं. आर म्हणजे पुन्हा कर. सी म्हणजे रद्द कर. आय म्हणजे दुर्लक्ष कर. नाना म्हणायचे, "नाव बघा कसं, आय. आणि काम दुर्लक्षाचं. कुठल्या आईने असं केलंय?" बावीस वर्षांत त्यांनी आय दाबला असेल तो बोटावर मोजण्याइतका. खटपट्याला या मशीनचं सगळं काम नानांनीच शिकवलं होतं, अगदी हाताला धरून.

आणि साहेब? ते गोदामाचे मॅनेजर. मी साहेब म्हणतो, कारण खटपट्या साहेब म्हणायचा. माझ्या तोंडी दुसरा शब्द येतो, पण इथे मुली बसल्यात.

कन्सोलवरून टाकलेले मेसेज साहेबांच्या घरच्या लॅपटॉपवर जायचे, आणि रात्री ते आलेले त्यांना खपत नसत. एका संध्याकाळी त्यांनी खटपट्याला फोन केला. "फालतू प्रश्नांना मशीननेच उत्तर द्यावं, अशी काहीतरी यादी असते ना? लाव ती." असते तशी यादी. मशीन ठरावीक प्रश्नांना त्या यादीतून आपोआप उत्तर देतं, माणसाला उठवत नाही. खटपट्याने घरी बसून ती लावून दिली. उत्तर ठेवलं आय.

त्याच रात्री नाना गेले.

त्या खोलीत आग विझवायचा गॅस होता. आग लागली की तो सुटतो आणि खोलीतली हवाच बाद करतो. त्या रात्री आग नव्हती, नळीचा जोड सैल होता आणि गॅस गुपचूप झिरपत होता. डोकं गरगरायला लागलं तसे नाना दाराकडे गेले. दाराचं कार्डाचं कुलूप तीन आठवडे अडकत होतं. नानांनी तीन अर्ज दिले होते. ते त्या रात्री पूर्ण अडकलं. मोबाइल गेटवर. खोलीत तेव्हा फोन नव्हता. वॉचमन दोनशे पावलांवर, मध्ये दोन भिंती.

नानांकडे एकच वाट उरली होती. कन्सोल. सकाळी ते कन्सोलपुढेच सापडले, बोटं कीबोर्डवर.

साहेबांनी काय केलं, ऐका. नानांच्या बायकोला, काकूंना, सांगितलं की नाना ड्युटीवर झोपले होते, धोक्याचा भोंगा झाला तरी उठले नाहीत. कामगारांतही तेच पसरवलं. बावीस वर्षं एक डुलकी न घेतलेला माणूस मेल्यावर झोपाळू ठरला. मग खटपट्याला केबिनमध्ये बोलावून दार लावलं. "नानांनी मला मेसेज टाकले होते," साहेब हळूच म्हणाले. "माझ्यापर्यंत पोचलेच नाहीत. तुझ्या यादीने परस्पर आय देऊन टाकला. मी त्या रात्रीची नोंद पुसलीय, तुझ्यासाठी. हे तुझ्यामाझ्यात राहील. तूही लक्षात ठेव."

खटपट्याने लक्षात ठेवलं. दोन वर्षं तो नीट झोपला नाही. काकू रस्त्यात दिसल्या की पलीकडून जायचा. ज्या माणसाने हाताला धरून शिकवलं त्याला आपणच मारलं, हे घेऊन तो जगत होता. साहेबांनी हाक मारली की धावत जायचा. आता कळलं ना मान खाली का होती ते?

बरं. मंगळवारची रात्र.

नानांनंतर कुलूप बदललं होतं, गॅसची नळीही बदलली होती, भिंतीवर एक फोन आला होता. तरी खटपट्याने दाराला स्टूल लावून ठेवलं. मशीनमध्ये कन्सोलची नोंद बदलली: एक होता तिथे दोन. एक म्हणजे केबल, दोन म्हणजे नेटवर्क. बारा वाजून पाच मिनिटांनी मशीन बंद केलं. जुन्या स्क्रीनची केबल दोन्ही टोकांनी उपसली, गुंडाळी केली आणि टेबलावर ठेवली. मग भिंतीवरच्या फोनवरून साहेबांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. साहेब घरी लॅपटॉप उघडून बसलेच होते. घरात एकटेच, बायको मुलीकडे गेली होती.

"चालू करतोय साहेब. वीस-पंचवीस मिनिटांत तुमच्या स्क्रीनवर यायला हवं."

मशीन गुरगुरलं. पंखे लागले. अर्धा तास झाला.

"आलं का साहेब?"

"काही नाही. नुसता काळा चौकोन."

"नेटवर्कची वायर बघतो."

त्याने वायर पाहिली. ठीक होती. दुसरी लावून पाहिली. पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता, म्हणजे रस्ता मोकळा होता. मशीन जागं होतं, पण साहेबांकडे जायला तयार नव्हतं. पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. साहेब तिकडून जांभया देत होते आणि मधूनमधून त्याची अक्कल काढत होते.

एक वाजून बारा मिनिटं. खटपट्या मशीनच्या मागे वाकलेला. पाठीमागे टक् असा आवाज झाला, जुना स्क्रीन लागतो तसा.

तो वळला. स्क्रीन लागला होता. हिरवी अक्षरं.

त्याला वाटलं, केबल काढायचीच राहिली. मग टेबलावरची गुंडाळी दिसली. त्याने ती उचलली. दोन्ही टोकं हातात. स्क्रीन चालू.

वर मशीनचा नेहमीचा प्रश्न होता. कन्सोल सापडत नसला की ते विचारतं, कुठे घेऊ? एक केबल, दोन नेटवर्क. कर्सर लुकलुकत होता. आणि त्याखाली एक मेसेज. इंग्रजी अक्षरांत मराठी, नाना लिहायचे तसं.

दार उघडत नाही.

खाली पाठवणाऱ्याचं नाव. नाना. आणि शेवटी: उत्तर हवे.

खटपट्याने दाराकडे पाहिलं. स्टूल भिंतीशी होतं. दार बंद. कुलपावर लाल दिवा.

त्याने कार्ड लावलं. लाल. पुन्हा लावलं. लाल.

त्याला एकच कळलं. नाना आलेत. माझ्यासाठी आलेत.

"काय रे, मेलास का?" स्पीकरवर साहेब.

"साहेब... मेसेज आलाय. जुन्या स्क्रीनवर."

"मग आय मार आणि पुढे चल."

आता नीट ऐका. साहेबांनी मेसेज काय आहे, हे विचारलं नाही. कुणाचा, विचारलं नाही. मागचापुढचा विचार न करता, जांभई अर्धी तोंडात असताना, आय मार आणि पुढे चल. ज्याच्या बोटाला सवय असते, त्याच्या तोंडून असं निघतं. खटपट्याचं बोट कीबोर्डवर आलं होतं, ते तसंच थांबलं.

नानांनी शिकवलं होतं, आधी पूर्ण वाच.

मेसेजवर कर्सर नेऊन एक बटण दाबलं की त्याची सगळी कुंडली निघते. कधी आला, कुणाला गेला, उत्तर कुणी दिलं. खटपट्याने ते बटण दाबलं. दोनदा चुकलं. मग ओळी आल्या. दोन वर्षांपूर्वीची तारीख. पुसलेली नोंद.

एक बारा. दार उघडत नाही. उत्तर, आय.

एक एकोणीस. साहेब दार उघडत नाही श्वास लागतोय. उत्तर, आय.

एक सत्तावीस. वॉचमनला सांगा. उत्तर, आय.

एक चाळीस. साहेब. उत्तर, आय.

आणि प्रत्येक आयपुढे उत्तर देणाऱ्याचं नाव. यादीने उत्तर दिलं असतं, तर तिथे यादी असं आलं असतं. तशी खूणच असते, तुम्ही रोज बघता. चारही ठिकाणी यादी नव्हती. चारही ठिकाणी साहेबांचं स्वतःचं नाव होतं. घरून, लॅपटॉपवरून, हाताने दिलेलं उत्तर. चौथ्याला तर आठ सेकंदांत.

खटपट्या खुर्चीत बसला. नानांच्याच.

मला त्याने सांगितलं, की त्या क्षणी भीती गेली. साफ गेली. दोन वर्षांचा दगड छातीवरून उठला आणि त्या जागी राग आला. असा राग, की कानांत घणघण व्हायला लागलं. मी केलं नव्हतं. मी नाही केलं. या माणसाने केलं आणि मला दोन वर्षं वाकवलं, काकूंना खाली बघायला लावलं, आणि नाना... नाना झोपाळू.

"साहेब," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "त्या रात्री नानांना उत्तर कुणी दिलं?"

स्पीकरवर खुर्ची करकरली.

"साहेब, विचारतोय."

"तुझ्या यादीने. किती वेळा सांगू?"

"इथे नोंद आहे."

"नोंद पुसलीय."

"इथे आहे. तुमचं नाव आहे. चारदा."

साहेब हसले. हसले म्हणजे नाकातून हवा सोडली. "मग काय करणार आहेस? झोपेत दाबलं असेल. रात्रीबेरात्री पन्नास मेसेज यायचे. त्या म्हाताऱ्याला काही समज होती का? तू काम कर. मला सकाळी गाड्या निघायला हव्यात."

खोलीतली हवा जड झाली होती. खटपट्याला श्वास पुरत नव्हता. नळी नवी, गॅस बंद, तरी पुरत नव्हता. स्क्रीनवरून मेसेज नाहीसा झाला. हिरव्या अक्षरांत फक्त प्रश्न राहिला, मशीनचा रोजचा, साधा प्रश्न. कन्सोल कुठे घेऊ? एक का दोन?

आणि त्याला कळलं, हे मशीन विचारत नाहीये.

बावीस वर्षं नाना कन्सोलवर होते. कन्सोल केबलवर, म्हणून ते या खोलीत. कन्सोल जिथे जाईल, तिथे ते जातील. ते याच्यासाठी आलेच नव्हते. वाट अडली होती, म्हणून ते विचारत होते.

एक दाबला असता तर सगळं होतं तसं राहिलं असतं. नाना इथे, साहेब तिथे. खटपट्या वाईट माणूस नव्हता. त्याने एकवर बोट ठेवलं. खरंच ठेवलं.

"साहेब," तो म्हणाला. "अजून केबलवर ठेवता येईल. ठेवू का?"

"नेटवर्कवर घे."

"साहेब, काकूंना खरं सांगा. उद्या सकाळी. तुम्ही हो म्हणा, मी केबलवर ठेवतो."

"तुझी काकू गेली खड्ड्यात. नेटवर्कवर घे."

"विचार करून सांगा, साहेब. कन्सोल कुठे घेऊ?"

"अरे, माझ्याकडे घे. माझ्या घरी. कितीदा सांगायचं तुला?"

खटपट्याने दोन दाबला. मग एंटर.

जुना स्क्रीन मालवला. एकदम. दाराच्या कुलपाने खट् केलं आणि हिरवा दिवा लागला. बाहेरची हवा आत आली. घड्याळात एक चव्वेचाळीस झाले होते.

"आलं," साहेब स्पीकरवर म्हणाले. "बघ. एवढ्यासाठी रडत होतास. आता यात..."

थांबले.

"यात नाव का येतंय?"

"कुणाचं, साहेब?"

खुर्ची सरकल्याचा आवाज. चार पावलं. मग थोपटल्यासारखं काहीतरी. हळू. मग जोरात.

"ए," साहेब लांबून म्हणाले. "ए... हे काय... दार..."

"साहेब?"

"दार उघड. अरे... दार..."

मग धापा. नुसत्या धापा. आणि कीबोर्डचा आवाज. टक्. टक्. टक्.

खटपट्या धावला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण लोक नंतर वाटेल ते बोलले. फोन तसाच चालू टाकून तो धावला, वॉचमनला पोलिसांना फोन करायला लावला आणि गाडी काढली. साहेबांचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, रात्रीची पंचवीस मिनिटं. त्याने एकही सिग्नल पाळला नाही. मी असतो तर गाडी ढकलत नेली असती. पण तो माझ्यापेक्षा बरा माणूस आहे.

दोन वाजून अठरा मिनिटांनी तो पोचला. पोलीस आधीच आले होते. शेजाऱ्यांकडच्या किल्लीने बाहेरचं दार उघडलं होतं, काहीच अडकलं नव्हतं. त्याला त्यांनी जिन्यावरच थांबवलं. थोड्या वेळाने एक हवालदार बाहेर आला आणि मान हलवली. साहेब गेले होते. डॉक्टर नंतर म्हणाले, गुदमरून. खिडक्या सताड उघड्या असताना.

गोदामातलं मशीन मात्र सुरळीत चालू झालं. साडेपाचच्या गाड्या साडेपाचला निघाल्या.

सकाळी सात वाजता खटपट्या काकूंच्या दारात उभा होता. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं. त्याने सगळं सांगितलं. चारही मेसेज, चारही वेळा. काहीच लपवलं नाही, दोन दाबला तेही नाही.

काकू म्हणाल्या, "म्हणजे ते जागे होते."

"हो, काकू. शेवटपर्यंत."

"मला माहीत होतं रे," त्या म्हणाल्या. "पण मला कुणी विचारलंच नाही." आणि मग त्या रडल्या. मनसोक्त रडल्या. खटपट्याही रडला, आणि घरी जाऊन चौदा तास झोपला.

शनिवारी त्याला पोलिसांचा फोन आला. लॅपटॉप कंपनीचा होता, ओळख पटवून घेऊन जा म्हणाले. तो हवालदाराबरोबर साहेबांच्या घरी गेला. भर दुपार. आतल्या खोलीत टेबलावर लॅपटॉप तसाच होता, चालूच. पोलिसांनी कुणालाच हात लावू दिला नव्हता. खटपट्याने मंगळवार रात्रीची नोंद काढली.

एक शेहेचाळीस. दार उघडत नाही. पाठवणारे साहेब. उत्तर, आय.

एक त्रेपन्न. श्वास. उत्तर, आय.

दोन एक. कुणीतरी दार. उत्तर, आय.

दोन चौदा. नाना. उत्तर, आय.

उत्तर देणाऱ्याचं नाव चारही ठिकाणी एकच. ते नाव मशीनमधून दोन वर्षांपूर्वीच काढून टाकलं होतं, खटपट्यानेच, साहेबांच्या सांगण्यावरून.

त्याने लॅपटॉप बंद केला. हवालदार मागे उभा राहून वाचत होता. जुना, मुरलेला माणूस. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, याची सवय झालेला.

"एक विचारू?" हवालदार म्हणाला. "तुम्ही शिकलेले आहात. तुम्हाला कळत असेल."

"विचारा."

"बॉडी मीच उचलली होती. त्यांचे दोन्ही तळहात काळेनिळे. सुजून हे एवढे झालेले. मनगटापर्यंत कातडं सोललेलं. डॉक्टर म्हणाले, माणसाने अर्धा तास दार बडवलं की असं होतं." त्याने घसा खाकरला. "फोनवर तुम्ही पण ऐकलंत म्हणे. दार, दार म्हणत होते."

"हो."

"मग कुठलं दार?"

खटपट्या वळला आणि त्याने खोलीकडे नीट पाहिलं. टेबल, खुर्ची, उघड्या खिडक्या. समोर रुंद कमान, आणि कमानीतून थेट बाहेरची बैठक, तिथला सोफा, सोफ्यावर पडलेलं ऊन. चौकट नाही, बिजागरी नाही, साधा पडदासुद्धा नाही.

त्या खोलीला दारच नव्हतं.